सव्वीस कळांत न मावलेली अक्षरं

जानेवारी २०१६मध्ये फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयानं जाहीरपणे मान्य केलं की देशात विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर फ्रेंच भाषा बिनचूक लिहिणं जवळजवळ अशक्य आहे. या देशात भाषेची निगा राखायला १६३५पासून अकादमी आहे. जाहिरातीत आणि पाट्यांवर फ्रेंच असलीच पाहिजे, असा कायदाही आहे. त्याच देशावर ही वेळ यावी याची गंमत वाटते. पण तक्रार खरी होती.

फ्रेंच कीबोर्ड पाहिला की पहिल्यांदा गोंधळायला होतं. क्यू-डब्ल्यूच्या जागी ए आणि झेड, त्यामुळे त्या मांडणीचं नाव 'अझर्टी'. आकड्यांची ओळ तर उलटीच. नुसती २ची कळ दाबली तर आकडा येत नाही, डोक्यावर उजवीकडे चढणारी रेघ असलेली ई येते. ७च्या कळेवर उलट्या दिशेची रेघ घेतलेली ई, ९वर पायाशी आकडा लोंबणारा सी, ०वर रेघवाला ए. आकडा हवा असेल तर शिफ्ट धरा. फ्रेंच मजकुरात ही अक्षरं पावलोपावली लागतात, म्हणून आकड्यांना मागे सारून त्यांना पुढची जागा दिली. इथवर सगळं शहाणपणाचं आहे.

घोळ होतो कॅपिटल अक्षरांत. वाक्याची सुरुवात रेघवाल्या मोठ्या ईनं करायची म्हटलं तर शिफ्ट धरून दाबल्यावर २ उमटतो! मोठ्या ईला कळच उरत नाही. मग टायपिस्टांनी काय केलं, तर कॅपिटलवरची चिन्हं सरळ गाळली. गाळता गाळता तोच नियम झाला आणि कॅपिटलला चिन्ह लागत नाही असं फ्रान्समधली माणसं शाळेपासून ऐकत मोठी झाली. अकादमीचं म्हणणं नेमकं उलट आहे : चिन्ह हा शुद्धलेखनाचाच भाग आहे, अक्षर लहान असो की मोठं. अकादमीचा हा हट्ट पोकळ नाही. सगळ्या कॅपिटल अक्षरांतल्या मथळ्यात 'पोलीस मारतो' आणि 'पोलीस मारला गेला' या दोन बातम्यांत फरक असतो तो शेवटच्या ईवरच्या एका रेघेचा.

ओ आणि ई चिकटून होणाऱ्या जोडाक्षराची कथा याहून केविलवाणी आहे. फ्रेंचमधलं हृदय, अंडं आणि बहीण हे तिन्ही शब्द त्याच्याशिवाय लिहिता येत नाहीत. तरी त्याला कीबोर्डवर कळ नाही. १९८७मध्ये पश्चिम युरोपच्या भाषांसाठी आयएसओ ८८५९-१ हा अक्षरसंच ठरला. त्यात गुणाकार आणि भागाकाराची चिन्हं थेट अक्षरांच्या पंगतीत जाऊन बसली आणि हे जोडाक्षर बाहेर राहिलं. १९९९च्या सुधारित संचात त्याला जागा मिळाली, तोवर सगळ्यांना ओ आणि ई सुटे लिहायची सवय लागून गेली होती.

मंत्रालयाच्या तक्रारीनंतर 'आफ्नोर' या फ्रेंच मानक संस्थेनं काम हाती घेतलं आणि एप्रिल २०१९मध्ये नवं मानक प्रसिद्ध केलं. त्यात दोन मांडण्या आहेत. एक सुधारलेली अझर्टी. दुसरी 'बेपो'. कोणतं अक्षर किती वेळा लागतं आणि कोणत्या बोटाला किती कष्ट पडतात हे पाहून तिच्या कळा नव्यानं रचलेल्या आहेत. मात्र मानक ऐच्छिक आहे, सक्ती कुणावर नाही. म्हणून दुकानांतून अजूनही प्रामुख्यानं जुनाच अझर्टी विकला जातो. एकदा बोटांत बसलेली मांडणी सरकारी कागदानं निघत नाही. मला विचाराल तर फ्रेंचांनी हे तीस वर्षं आधी करायला हवं होतं.

दुखण्याचं मूळ टाइपरायटरात आहे. १८७४मध्ये अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीनं जे यंत्र बाजारात आणलं ते इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांचा हिशेब धरून बेतलेलं होतं. युरोपात ते गेलं तेव्हा तिथल्या कारागिरांनी फार सुंदर तोड काढली. एरवी कळ दाबली की अक्षर उमटतं आणि गाडा एक घर सरकतो. चिन्हाच्या कळेला गाडा सरकवणारा भाग लावायचाच नाही. रेघ उमटते, गाडा जागचा हलत नाही, मग ई दाबली की ती बरोबर त्या रेघेखाली येते. अशा कळेला 'डेड की' म्हणतात. एका कळेत पाच स्वरांची सोय झाली. कॉम्प्युटरमध्ये गाडा नाही, तरी ही चाल तशीच राहिली : आधी चिन्ह, मग अक्षर.

हातानं लिहिताना आपण याच्या उलट करतो, आधी अक्षर आणि मग डोक्यावरची रेघ. सगळ्या लिप्यांसाठीचा युनिकोड संकेतही चिन्ह वेगळं साठवताना हाताचाच क्रम धरतो. मराठी टंकलेखकांना हा क्रमाचा खेळ नवा नाही. जुन्या रेमिंग्टन मांडणीत ऱ्हस्व वेलांटी आधी मारावी लागे, कारण ती कागदावर डावीकडे येते. कॉम्प्युटरवरच्या इनस्क्रिप्ट मांडणीत आधी क, मग वेलांटी, आणि तिला डावीकडे नेऊन बसवायचं काम कॉम्प्युटरचं.

१९६३मध्ये अमेरिकेत 'अॅस्की' संकेत ठरला. त्यात जागा १२८, आणि त्यातल्याही काही यंत्राला द्यायच्या आज्ञांसाठी राखून ठेवलेल्या. स्वरचिन्हांची अक्षरं त्यात बसणं शक्यच नव्हतं. मग देशोदेशीच्या समित्यांनी कमी लागणारी चिन्हं उठवून तिथे आपली अक्षरं बसवली. जर्मनीत चौकोनी आणि महिरपी कंस गेले, त्यांच्या जागी दोन टिंबांचे ए आणि यू आले. परिणामी जर्मन प्रोग्रामरला सी भाषेतला प्रोग्राम पडद्यावर कंसांऐवजी टिंबवाल्या स्वरांनी भरलेला दिसे आणि तो निमूटपणे मनात कंस समजून वाचत असे.

१९८१च्या आयबीएम पीसीत २५६ जागा झाल्या आणि तिथूनच त्या प्रसिद्ध आल्ट-आकड्यांची सुरुवात झाली. आल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर १३० दाबलं की रेघवाली लहान ई, १४४ दाबलं की मोठी. पुढे विंडोजनं स्वतःची वेगळी यादी केली, पण जुन्या सवयीही मोडायच्या नव्हत्या. म्हणून असं ठरलं की आकड्याआधी शून्य लावलं तर विंडोजची यादी, न लावलं तर पीसीची जुनी. त्यामुळे तीच लहान ई ०२३३ लिहूनही येते आणि मोठी ०२०१ लिहून. फ्रान्समध्येही अनेकांनी हे आकडे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवले. एखादं नाव लिहायचं असेल तर हा मार्ग बरा, पण पानभर पत्रासाठी ती शिक्षा आहे. आणि आकड्यांचं वेगळं पॅड नसलेल्या लॅपटॉपवर वरच्या ओळीतले आकडे दाबून काही होत नाही.

अक्षर उमटलं तरी ते समोरच्याकडे तसंच पोचेल याची खात्री बरीच वर्षं नव्हती. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१मध्ये आली. १९९२च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, युनिकोड बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीची आखणी केली. त्यात रेघवाली ई दोन बाइटांत साठवली जाते. जुन्या यादीनं वाचणारा प्रोग्राम ते दोन बाइट दोन सुटी अक्षरं समजतो आणि लाटवाला मोठा ए व त्याच्या शेजारी कॉपीराइटचं चिन्ह दाखवतो. युरोपातल्या किती नावांची यात माती झाली असेल!

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांनी आपली अक्षरं याच २५६ जागांत बसवली होती, म्हणजे युरोपच्या रेघवाल्या स्वरांच्या घरांतही मराठी अक्षरं राहायला गेली होती. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की अस्सल मराठी लेख फ्रेंच आणि डॅनिशच्या खिचडीसारखा दिसायचा.

स्पेननं मात्र वेळीच दंड थोपटले. डोक्यावर लाट असलेला एन हे त्यांच्या वर्णमालेतलं स्वतंत्र अक्षर, साध्या एननंतर येणारं. मध्ययुगात लेखनिक दोन एन लिहिताना जागा वाचवायला दुसरा लहान करून पहिल्याच्या डोक्यावर ठेवत, त्याचीच पुढे लाट झाली. स्पेनमध्ये विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर हे अक्षर असलंच पाहिजे असा नियम होता. १९९१मध्ये युरोपीय समुदायानं त्यावर बोट ठेवलं : हा मुक्त व्यापाराला अडथळा आहे, काढून टाका. स्पॅनिश लेखक-पंडित खवळले, गाब्रिएल गार्सिया मार्केझही अक्षराच्या बाजूनं उभे राहिले. १९९३च्या एप्रिलमध्ये स्पेननं मास्ट्रिख्ट करारातल्या संस्कृतीविषयक तरतुदीचा आधार घेऊन नवा हुकूम काढला आणि कळ वाचवली. आजही स्पॅनिश कीबोर्डवर एलच्या उजव्या हाताला ती आहे. स्पॅनिशच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या सेर्व्हान्तेस संस्थेच्या बोधचिन्हातही हेच अक्षर आहे. ही लाट गाळली तर 'वर्ष' या शब्दाचं शरीराच्या अशा जागेत रूपांतर होतं की नववर्षाच्या शुभेच्छा पाठवणाऱ्याला तोंड लपवावं लागेल.

व्हिएतनामनं वेगळीच वाट धरली. त्यांच्या रोमन लिपीत एका स्वरावर दोन-दोन चिन्हं चढतात, एक स्वराचा प्रकार सांगणारं आणि दुसरं सूर सांगणारं. इतक्या सगळ्यांना कळा देणार कुठून? त्यांनी साधा इंग्रजी कीबोर्डच ठेवला आणि त्यांच्या वर्णमालेत नसलेली एफ, जे, डब्ल्यू ही अक्षरं कामाला लावली. शब्दाअखेर एफ दाबला की उतरता सूर, जे दाबला की खाली टिंब. ए दोनदा दाबला की त्यावर छप्पर. 'टेलेक्स' नावाची ही पद्धत तारा पाठवण्याच्या काळातली आहे आणि आजही जोरात चालते. रोमन टंकून मराठी उमटवणाऱ्या आपल्या पिढीला ती पाच मिनिटांत कळेल.

आता आपल्या टेबलावर येऊ. भारतात मिळणारे बहुतेक लॅपटॉप अमेरिकी मांडणीचे असतात. पुण्या-मुंबईत फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्यांनी आकडे पाठ करत बसू नये. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये 'युनायटेड स्टेट्स–इंटरनॅशनल' मांडणी जोडून घ्यावी. त्यात एकेरी अवतरण, दुहेरी अवतरण, लाट, छप्पर या कळा डेड की होतात : अवतरण दाबून ई दाबली की रेघवाली ई, दुहेरी अवतरण आणि यू की जर्मन यू. चिन्ह आधी आणि अक्षर नंतर असल्यामुळे शिफ्ट धरून मोठी ईसुद्धा सहज येते, जी अझर्टीवाल्याला येत नव्हती! खोट एकच, नुसतं अवतरण हवं असेल तेव्हा त्यापाठोपाठ स्पेसबार दाबावा लागतो. पहिला आठवडा वैताग येतो. वर्डमध्येच काम असेल तर मांडणी न बदलता कंट्रोल आणि अवतरण एकत्र दाबून मग ई दाबली तरी चालतं. मॅकवर ऑप्शनसोबत ई, मग पुन्हा ई. किंवा २०११पासून नुसती कळ दाबून धरली की फोनसारखी निवड समोर येते. पण जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यानं सरळ जर्मन मांडणीच बोटांत बसवावी, तिथल्या ऑफिसात समोर तीच येणार आहे. वाय आणि झेड अदलाबदल झालेले असतात, तेवढं सांभाळायचं.

जर्मनमध्ये अडचणीला तोडगा आहे. टिंबं जमली नाहीत तर ए, ओ, यूपुढे ई लिहितात; पासपोर्टच्या तळाशी यंत्रासाठी ज्या दोन ओळी असतात त्यांतही तसंच छापतात. फ्रेंच-स्पॅनिशमध्ये असा सर्वमान्य तोडगा नाही. म्हणून तिथे चिन्ह गाळणं म्हणजे शुद्धलेखनाची चूकच.

हा प्रश्न आपल्या घरातलाही आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीतलं मराठी. गोव्यातल्या पोर्तुगीज दप्तरांत आणि आडनावांत लाटेचे ए-ओ आणि आकडेवाले सी जागोजागी आहेत. ते उतरवून घेणाऱ्या अभ्यासकाला वर सांगितलेली इंटरनॅशनल मांडणी पुरते. संस्कृत-मराठीचं रोमन लिप्यंतर करणाऱ्यांना मात्र ती पुरत नाही. १८९४मध्ये जिनिव्हाच्या प्राच्यविद्या परिषदेत ठरलेल्या पद्धतीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ आणि ट-ड-णखाली टिंब लागतं. त्यासाठी विंडोजची 'इंग्रजी (भारत)' मांडणी जोडा : उजवी आल्ट धरून ए दाबला की आडव्या रेघेचा ए येतो, टी दाबला की टिंबवाला टी. मॅकवर 'एबीसी एक्सटेंडेड' मांडणी घ्या आणि ऑप्शन-एक्स दाबून पुढचं अक्षर दाबा, टिंब खाली बसतं.

आपल्या ळलाही २००१च्या आयएसओ १५९१९ मानकात हक्काची जागा आहे : एल आणि त्याखाली टिंब. इंग्रजीत ट आणि ळची टिंबं गाळली की टिळकांचे 'तिलक' होतात. तेव्हा प्रबंध, पुस्तकाची सूची किंवा परदेशी नियतकालिकासाठी लेख लिहीत असाल, तर लिप्यंतराची ही मांडणी आजच जोडून घ्या आणि काळे, टिळक, चिपळूणकर यांची नावं एकदा तरी टिंबासकट लिहा.