विश्लेषण : नोकरी सांभाळून केलेला ‘साइड प्रोजेक्ट’ टिकतो कशामुळे? आणि तो नेमका कुणाचा?

येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर या पट्ट्यातील आयटी पार्कमधून संध्याकाळी घरी परतणाऱ्या अनेक अभियंत्यांच्या मनात एक काम घोळत असते. कुणाला सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवणारे ॲप करायचे असते, तर कुणाला मुलीसाठी पाढ्यांचा खेळ. कार्यालयाने सांगितलेले नाही, पगाराशी संबंध नाही, तरी ते करावेसे वाटते. यालाच सॉफ्टवेअर क्षेत्रात ‘साइड प्रोजेक्ट’ म्हणतात. बहुतेक अर्धवट राहतात. काहींतून मात्र कंपन्या उभ्या राहतात. हा फरक कशामुळे पडतो आणि अशा कामावर हक्क कुणाचा?

साइड प्रोजेक्ट म्हणजे जोडधंदा का?

नाही. जोडधंद्याचा हेतू पहिल्या दिवसापासून उत्पन्न हा असतो. छंद हा स्वतःच्या आनंदासाठी असतो. साइड प्रोजेक्ट या दोन्हींच्या मध्ये येतो. त्यात आनंद असतो, पण दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल अशी वस्तू तयार करण्याचा प्रयत्नही असतो. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये हौसेखातर लिहायला घेतलेल्या लिनक्सवर आज जगभरातील सर्व्हर चालतात. ‘पोस्टमन’ हे प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरातील साधनही अभिनव अस्थाना यांनी २०१२ मध्ये साइड प्रोजेक्ट म्हणूनच सुरू केले. कंपनी त्यानंतर, २०१४ मध्ये स्थापन झाली.

पुण्यातील ठळक उदाहरण कोणते?

‘क्विक हील’चे. या कंपनीचे मुख्यालय आज येरवड्याशेजारच्या विमाननगरमध्ये आहे, पण तिची सुरुवात मंगळवार पेठेतील एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात झाली. मूळ सातारा जिल्ह्यातील कुटुंबातले कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचे दुकान टाकले आणि पुढे संगणक दुरुस्तीही सुरू केली. धाकटे बंधू संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते.

त्या काळी विषाणू फ्लॉपीतून पसरत. दुरुस्त करून दिलेला संगणक पुन्हा बिघडून दुकानात येई. तेव्हा संजय यांनी विषाणू काढून टाकणारे छोटे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. त्यातूनच १९९५ मध्ये ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस बाजारात आले. दुरुस्तीचा व्यवसाय मात्र लगेच बंद झाला नाही. सुरुवातीची काही वर्षे घर आणि सॉफ्टवेअर दोन्ही त्याच उत्पन्नावर चालले. २००७ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’चे नाव बदलून ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाले. २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने ६० कोटी रुपये गुंतवले आणि २०१६ मध्ये कंपनीच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली.

यातून सर्जनशीलतेबद्दल काय कळते?

कल्पना शोधायला काटकर बंधूंना कुठे जावे लागले नाही. अडचण रोज दुकानाच्या काउंटरवर येत होती. तोडगा निघाला की नाही, हे त्याच आठवड्यात कळत होते, कारण संगणक पुन्हा बिघडला की ग्राहक परत येणारच. ‘काहीतरी भन्नाट करू’ या इच्छेपेक्षा ‘हा संगणक पुन्हा दुकानात येऊ नये’ ही गरज अधिक नेमकी होती.

सर्जनशीलतेला मोकळे रान लागते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात अनेकदा बंधनेच दिशा दाखवतात. याचे जुने उदाहरण येरवड्यातच आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला येरवडा कारागृहात असताना गांधीजींनी पेटीत मावणारा, घडी घालून सोबत नेता येईल असा चरखा विकसित केला. ‘येरवडा चक्र’ हे त्याचे नाव इथूनच आले. जागा कमी आणि चरखा मोठा, शिवाय सूत तर रोज कातायचे. या अडचणीतून चरख्याची नवी रचना पुढे आली.

पैशाचे आमिष दाखवले, तर प्रेरणा वाढते का?

याचे उत्तर सरळ नाही. सुधारित चरख्यासाठी १९२९ मध्ये एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. त्या काळी ही प्रचंड रक्कम होती. किर्लोस्करवाडीच्या गणेश भास्कर काळे यांच्यासह काहींनी प्रयत्न केले, पण सर्व अटी पूर्ण करणारे यंत्र काही तयार झाले नाही आणि बक्षीस कुणालाच मिळाले नाही. त्या यंत्राकडून येरवडा चक्रापेक्षा कितीतरी अधिक उत्पादनाची अपेक्षा होती. त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करता येणार नाही. एवढे मात्र दिसते की, रक्कम मोठी केल्याने उत्तर सापडतेच असे नाही.

मानसशास्त्रज्ञ टेरेसा ॲमाबिली यांनी १९८५ मध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. लेखनाची आवड असलेल्या ७२ जणांना छोट्या कविता लिहायला सांगण्यात आल्या. त्यापैकी एका गटाला मध्येच पैसा, प्रसिद्धी अशा बाह्य कारणांचा विचार करायला लावले. त्यांच्या नंतरच्या कविता परीक्षकांना कमी सर्जनशील वाटल्या. पुढे ॲमाबिली आणि स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांतील २३८ कर्मचाऱ्यांच्या सुमारे १२ हजार दैनंदिन नोंदी तपासल्या. कामाचा उत्साह टिकवण्यात सर्वात मोठा वाटा होता तो महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात रोज होणाऱ्या थोड्या प्रगतीचा.

याचा अर्थ पैसा नको असा नाही. काटकरांनाही पैसा हवाच होता. पण दुरुस्तीच्या उत्पन्नामुळे अँटिव्हायरसने पहिल्याच महिन्यात घर चालवावे, ही सक्ती नव्हती. पगाराचे खरे मोल इथे आहे. साइड प्रोजेक्टला चुकायला आणि शिकायला तो वेळ मिळवून देतो.

मग नोकरदाराने तयार केलेले सॉफ्टवेअर कुणाचे?

काटकरांपुढे हा प्रश्न नव्हता, कारण दुकान त्यांचेच होते. आयटी पार्कमधील अभियंत्यासाठी मात्र हाच कळीचा मुद्दा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीसारखे संरक्षण मिळते. कलम १७ (क) सांगते की, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो. म्हणजे कामाशी संबंध नसलेले, घरी, स्वतःच्या साधनांवर लिहिलेले सॉफ्टवेअर आपोआप कंपनीचे होत नाही. पण अनेक नियुक्तिपत्रांतील अटी कायद्यापेक्षा व्यापक असतात. नोकरीच्या काळात केलेली प्रत्येक निर्मिती कंपनीची, असेही काही ठिकाणी लिहिलेले असते.

२०२२ मध्ये हा वाद उघडपणे समोर आला. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सांगितले. स्विगीने त्याआधी ऑगस्टमध्येच अटींसह बाहेरच्या कामाला परवानगी दिली होती. इन्फोसिसनेही पूर्वपरवानगी घेऊन अशी कामे करण्याची मुभा दिली. दुसऱ्याची नोकरी छुप्या रीतीने करणे आणि स्वतःचा प्रयोग करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करारातील शब्द मात्र अनेकदा दोन्हींना एकाच मापाने मोजतात.

सर्वांना हे शक्य असते का?

‘इच्छा असली की वेळ मिळतो’ हे वाक्य अर्धसत्य आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात असल्याचे दिसले, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. रात्री नऊनंतर लॅपटॉप उघडण्याची मुभा घरात कुणाला आहे, यावरही सर्जनशीलता अवलंबून असते. त्यामुळे ज्याचा साइड प्रोजेक्ट नाही त्याला आवडच नाही, असे मुलाखतीत ठरवणे अन्यायाचे ठरते.

सुरुवात करायची तर काय पाहावे?

पहिले, नियुक्तिपत्र काढून बौद्धिक संपदा आणि बाह्य कामाविषयीची कलमे वाचावीत. शंका असेल तर मनुष्यबळ विभागाची परवानगी लेखी घ्यावी, गरज पडल्यास वकिलाला विचारावे. दुसरे, कंपनीचा लॅपटॉप, ईमेल, कोड किंवा एआय साधनांचे परवाने या कामासाठी वापरू नयेत. तिसरे, वापरणारा एक खरा माणूस आधी शोधावा. टँकरचे ॲप करायचे असेल, तर सोसायटीच्या सचिवांची वही आधी पाहावी. चौथे, आठवड्याभरात पूर्ण होईल एवढाच तुकडा हाती घ्यावा आणि तो त्या माणसाला वापरायला द्यावा.

कोड लिहून द्यायला आता एआय आहे. त्यामुळे ‘मला प्रोग्रामिंग येत नाही’ ही सबब हळूहळू मागे पडेल. पण कुणाची अडचण सोडवायची, हे एआय सांगणार नाही. मंगळवार पेठेत ती अडचण बिघडलेला संगणक घेऊन काउंटरवर येत होती. सोसायटीत ती सचिवांच्या वहीत असते, टँकरवाल्याशी हिशेब जुळत नाही त्या पानावर.