बर्डीचा किल्ला, पाचगावचं शिवार

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीन दिवस लोकांसाठी उघडतो: 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. एरवी तिथे लष्कराचा पहारा. या तीन दिवसांत रांगेत हमखास ऐकू येतं, "भोसल्यांचा किल्ला पाहायला आलो." नागपूरच्या महाल भागात उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराला मग राहवत नाही. बापहो, हा किल्ला भोसल्यांचा नाही. भोसल्यांना हरवल्यावर इंग्रजांनी तो बांधला.

1817 मध्ये इथे होत्या फक्त दोन उघड्याबोडक्या टेकड्या, एक मोठी, एक छोटी. पायथ्याशी इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सचं ठाणं. 26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. आप्पासाहेब भोसल्यांकडे पंधरा-वीस हजारांची फौज, त्यात अरबांचा मोठा भरणा. कर्नल स्कॉटकडे जेमतेम दीड हजार शिपाई. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. इंग्रजांचा खेळ आटोपल्यातच जमा होता. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्ड बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन मैदानातल्या भोसल्यांच्या स्वारांवर तुटून पडला. पाठोपाठ छोट्या टेकडीवर अरबांच्या दारूगोळ्याचा भडका उडाला. त्या गोंधळात इंग्रजांनी टेकडी परत मिळवली आणि दुपारपर्यंत निकाल लागला. पुढे आप्पासाहेब शरण गेले, तरी अरब शहर सोडेनात. 24 डिसेंबरला जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, त्यांनी इंग्रजांचा हल्ला परतवून लावला. त्या गेटखालून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

हे सगळं मी रंगवून सांगतो आणि पोरंही डोळे विस्फारून ऐकतात. खरा प्रश्न वेगळाच आहे. इंग्रजांची फौज नागपूरच्या उंबरठ्यावर आलीच कशी? दुसरे रघूजी 1816 मध्ये वारले, गादीवर त्यांचे दुबळे पुत्र परसोजी आले. कारभार हाती ठेवायचा तर दरबारातल्या विरोधकांना चाप हवा, म्हणून चुलतभाऊ आप्पासाहेबांनी त्याच वर्षी मे महिन्यात तैनाती फौजेच्या तहावर सही केली. फेब्रुवारी 1817 मध्ये परसोजींचा संशयास्पद मृत्यू झाला आणि आप्पासाहेब राजे झाले. आपणच घरात घेतलेल्या फौजेशी त्यांना नोव्हेंबरात लढावं लागलं.

ही भाऊबंदकी काही एका पिढीची नव्हे. परसोजी आणि आप्पासाहेब दोघेही मुधोजींचे नातू. या मुधोजींचीच गोष्ट ऐका. थोरले बंधू जानोजी 1772 मध्ये निपुत्रिक वारले. त्यांनी मुधोजींच्या मुलाला, याच रघूजींना, वारस नेमलं होतं. ते दुसरे भाऊ साबाजींना मानवेना. तीनेक वर्षं विदर्भात भोसल्यांनीच भोसल्यांशी लढाया केल्या. शेवटची झाली नागपूरच्या दक्षिणेला, पाचगावला, 26 जानेवारी 1775 रोजी. मुधोजी वेढ्यात सापडले. लढाई जिंकलीच, असं समजून साबाजींनी आपला हत्ती भावाच्या हत्तीला भिडवला आणि शरण यायला सांगितलं. मुधोजींनी पिस्तूल झाडलं. साबाजी जागीच ठार झाले. एका गोळीत गादीचा तंटा मिटला.

अमेरिकेने आपल्या यादवी युद्धातलं 1863 चं गेटिसबर्गचं रणांगण जपलंय आणि तिथे दोन्ही बाजूंची स्मारकं उभी आहेत. आपल्याला मात्र परक्यांशी झालेल्या लढाया मिरवायला आवडतात. घरातल्या लढायांचा विषय निघाला की आपण गप्प. 2018 मध्ये कस्तुरचंद पार्कात जुन्या तोफा सापडल्या, तेव्हा गर्दी लोटली होती. त्या गर्दीत पाचगावचं नाव मला तरी कुणाच्या तोंडून ऐकू आलं नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. बर्डीच्या किल्ल्यात पोरं नेणाऱ्या शाळांनी पुढच्या 26 जानेवारीला बस पाचगावपर्यंत न्यावी. तारीखही तीच आहे. आणि गावच्या शिवारात दोन्ही भावांची नावं असलेला, सहज नजरेत भरेल असा एक दगड उभारावा. खर्चाला वर्गणी लागली, तर पहिली पावती माझ्या नावाने फाडा.