रात्रीचा उजेड मोजायचा कुठे?

सुओमी एनपीपी या 2011 मध्ये सोडलेल्या उपग्रहाचा रात्रीचा फेरा आपल्या डोक्यावरून साधारण दीडच्या सुमारास होतो. त्याच्या चित्रात मुलुंड कुठे संपले आणि ठाणे कुठे सुरू झाले हे ओळखू येत नाही. पुढे डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर असा उजेड रुळांच्या कडेकडेने पसरलेला दिसतो. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती 18.41 लाख आणि कल्याण-डोंबिवलीची 12.47 लाख भरली होती, तेव्हा यात नवल नाही. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम पार वांगणीला का होतात, हेही त्यावरून कळते. पण हेच चित्र पुढे करून ‘इतका उजेड, म्हणजे इतक्यांची झोप बिघडली’ असे म्हटले जाते, तेव्हा थांबायला हवे. उपग्रह वर गेलेला उजेड मोजतो, डोळ्यांत शिरलेला नव्हे. शिवाय त्याचा संवेदक साधारण 500 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश टिपतो. पांढऱ्या एलईडीतला निळा प्रकाश 450 च्या आसपास असतो. तो त्याला दिसतच नाही. त्यामुळे पिवळे सोडियम दिवे उतरवून पांढरे एलईडी चढवले की उपग्रहाच्या नोंदीत शहर मंदावलेले दिसू शकते, आणि शरीराच्या हिशेबात नेमके उलटे घडलेले असते.

हा शरीराचा हिशेब तसा नवा आहे. तीव्र प्रकाशाने माणसाच्या रक्तातले मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे सांगणारे संप्रेरक, घटते, हे 1980 मध्ये आल्फ्रेड लुई आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यासाठी त्यांनी 2500 लक्सचा झगझगीत उजेड वापरला होता. घरातल्या साध्या दिव्यांना म्हणून बराच काळ निर्दोष मानले गेले. 2001 मध्ये ब्रेनर्ड आणि थापन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधले की हा परिणाम सर्वांत जास्त घडवतो तो निळा प्रकाश, आणि पुढच्याच वर्षी डेव्हिड बर्सन यांनी दृष्टिपटलातल्या अशा पेशी दाखवल्या, ज्या स्वतःच प्रकाश ओळखून मेंदूतल्या घड्याळाला वर्दी देतात. आपले नेहमीचे लक्स दिसण्याच्या सोयीसाठी ठरवलेले आहे. या पेशींना ते लागू पडत नाही. म्हणून 2018 मध्ये प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने त्यांच्यासाठी वेगळे, मेलानोपिक माप प्रमाणित केले. त्या मापात 2022 मध्ये तज्ज्ञांच्या गटाने सुचवलेले आकडे असे: दिवसा डोळ्यांपाशी किमान 250, झोपेआधीचे तीन तास फार तर 10 आणि झोपेत फार तर 1. आपल्याकडच्या पथदिव्यांचे मानक, आयएस 1944, मोठ्या रस्त्यांना सरासरी 30 लक्स आणि लहान गल्ल्यांना 4 लक्स सांगते, पण ते डांबरावर मोजायचे असतात. खिडकीतून उशीपर्यंत काय येते, हा प्रश्न त्या मानकाने विचारलेलाच नाही.

उशीपाशी मोजले की चित्र गुंतागुंतीचे होते. अमेरिकेत शिक्षिकांच्या अंगावर प्रकाशमापक लावून 2011 मध्ये झालेल्या अभ्यासात त्यांना प्रत्यक्ष मिळालेला रात्रीचा उजेड आणि उपग्रहाने त्यांच्या परिसराला दिलेला आकडा यांचा मेळ बसला नाही. 2017 मध्ये सुमारे 1,10,000 अमेरिकी परिचारिकांच्या पाहणीत घराबाहेरचा उजेड सर्वाधिक असलेल्या गटात स्तनकर्करोगाचे प्रमाण 14 टक्के जास्त आढळले; पुढच्याच वर्षी एक लाखाहून अधिक ब्रिटिश महिलांच्या अभ्यासात शयनगृहातल्या उजेडाशी असा संबंध सापडला नाही. यावरून रस्त्यावरचा दिवा निर्दोष ठरतो का? मला तसे वाटत नाही. सरासरीत तळमजल्यावरची खोली आणि पंधराव्या मजल्यावरचा जाड पडद्याचा फ्लॅट एकत्र मिसळतात. पडदा ओढला तर हवा बंद होते, अशा घरात हायमास्टचा उजेड टाळणे म्हणजे उकाडा पत्करणे. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनला तर पडदाही नाही. त्यात 2019 च्या एका प्रयोगात माणसामाणसांच्या प्रकाश-संवेदनशीलतेत पन्नासपटीहून अधिक फरक दिसला. एकाच खोलीतल्या दोन भावांना एकच दिवा सारखा बाधेल, असे धरून चालता येत नाही.

पाश्चात्त्य अभ्यासांत ‘शयनगृह’ हे गृहीतच असते. ठाण्या-कल्याणच्या चाळीत किंवा वन-रूम-किचनमध्ये दहावीच्या मुलीचा अभ्यासाचा दिवा हा आजोबांच्या झोपेतला उजेड असतो, आणि तो रस्त्यावरून येणाऱ्या उजेडापेक्षा बहुधा जास्त. शिकागोतल्या 2022 च्या प्रयोगात 20 तरुणांपैकी निम्मे एक रात्र 100 लक्समध्ये झोपले, तर त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि सकाळी इन्सुलिनचा प्रतिरोधही. प्रयोग छोटा आहे, एका रात्रीचा आहे. पण 100 लक्स म्हणजे आपल्याकडच्या ट्यूबलाइटचा साधा उजेड. अशी पाहणी इथल्या घरांत करायची, तर अडचण मोजण्याची आहे. मेलाटोनिन चढू लागण्याची वेळ काढायची तर संध्याकाळभर मंद उजेडात दर अर्ध्या तासाने लाळेचे नमुने घ्यावे लागतात. घरात मालिका चालू असताना हे कसे जमणार? इथे सकाळच्या पहिल्या लघवीतून मेलाटोनिनचा अवशेष मोजण्याची पद्धत अधिक व्यवहार्य ठरेल.

दुसरी गोष्ट दिवसाची. दिवसा भरपूर उजेड मिळालेल्या माणसावर रात्रीच्या उजेडाचा परिणाम कमी होतो, असे प्रयोग सांगतात. अंधारात डोंबिवली सोडणारा, दिवसभर दिव्याखाली बसणारा आणि सूर्यास्तानंतर लोकलने परतणारा नोकरदार दोन्हीकडून मार खातो: दिवसाचे 250 त्याला मिळत नाहीत, आणि उशिरा घरी परतेपर्यंत डब्यातले, फलाटावरचे दिवे त्याच्या झोपेआधीच्या तासांतच येतात. एमआयडीसीतल्या रात्रपाळीचे गणित तर सगळेच उलटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये ‘संभाव्य कर्करोगकारक’ म्हटले, पण तिथे उजेड, अवेळी जेवण आणि तुटकी झोप वेगळी काढणे कठीण आहे. म्हणून इथली पाहणी फक्त रात्रीची असून चालणार नाही. कॉलरला लावलेला मापक चोवीस तास, किमान आठवडाभर हवा.

उजेड कमी करा म्हटले की बाईमाणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न येतो, आणि तो रास्तच आहे. न्यूयॉर्कमधल्या वसाहतींत तात्पुरते प्रखर दिवे लावल्यावर रात्रीचे घराबाहेरचे गंभीर गुन्हे लक्षणीय घटले. उलट इंग्लंड-वेल्समधल्या 62 स्थानिक संस्थांच्या 2015 च्या अभ्यासात दिवे मंद किंवा बंद केल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. दोन्ही निष्कर्ष कल्याण स्टेशनबाहेरच्या गल्लीला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. मात्र सुरक्षिततेला लागतो तो पायवाटेवरचा उजेड. पहिल्या मजल्याच्या खिडकीत शिरणाऱ्या उजेडाने कोणी सुरक्षित होत नाही. 2024 मध्ये ठाण्यातल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने झाडांवरच्या रोषणाईबद्दल राज्य सरकार आणि महापालिकांकडे खुलासा मागितला. ठाण्यात झाडांसाठी जे विचारले गेले, ते माणसांसाठीही विचारता येते, आणि त्यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहावी लागत नाही. पथदिव्यांच्या निविदेत वॅट आणि लक्स असतातच. तिथे दिव्याचे रंगतापमान 3000 केल्विनच्या आत, वर आणि मागे उजेड न सांडणारे झाकण आणि जवळच्या खिडकीत मोजलेल्या उजेडाची कमाल मर्यादा, एवढ्या तीन अटी घालता येतील. तिसरी अट पाळली का, हे तपासायला लागणारा मापक त्या दिव्याच्या खांबापेक्षा कितीतरी स्वस्त असतो.