बसायची रीत

खाली बसून वापरायचा संडास आपल्या अंगवळणी पडलेला. पण खुर्चीवर बसावे तसे बसणारा परदेशी प्रवासी तो पाहून गोंधळतो. तोंड कुणीकडे करावे, हेच त्याला उमगत नाही. फ्रान्समधले लोक अशा संडासाला ‘तुर्की’ म्हणतात. दुसऱ्याची रीत नवलाचीच वाटायची!

जपानात गेलो तर आपणही गोंधळू. तिथल्या जुन्या धाटणीच्या संडासाला एका टोकाला उंच आडोसा असतो. त्याच्याकडे तोंड करून बसतात.

म्हणून परक्या गावी लाजायचे नाही, आधी विचारायचे. खुर्चीसारख्या भांड्यावर पाय देऊन चढायचे नाही. भांडे फुटले तर खोल जखम होते.

रीत कोणतीही असो, हात साबणाने धुवायचेच. हगवण आणि पटकी देश बघून येत नाहीत.