डबस्टेप कशाला म्हणावे?

विद्यार्थी मित्रांनो, बीडमध्ये वरातीत डीजेचा दणदणाट तुम्ही ऐकला असेल. तशाच यंत्रांवर रचलेल्या संगीताचा डबस्टेप हा एक प्रकार आहे. तो २००० च्या सुमारास दक्षिण लंडनमध्ये जन्मला. त्यात मिनिटाला सुमारे १४० ठोके पडतात, तरी चाल संथ वाटते. खर्जाचा आवाज छातीत घुमतो. पुढे अमेरिकेत त्याला कर्कश रूप आले. हा डबस्टेप नव्हेच, असे अनेक जुन्या श्रोत्यांचे मत पडले.

मग नाव ठरवायचे कशावरून? गझलेतील मतला, काफिया तुम्हांला उर्दूतून ठाऊकच आहेत. तीच गझल कव्वालांनी टाळ्यांच्या ठेक्यावर गायली, की आपण तिला कव्वाली म्हणतो. गझल ओळखायची रचनेवरून, कव्वाली गाण्याच्या रीतीवरून. डबस्टेपला गझलेसारखे काटेकोर नियम नाहीत. मला तरी ठोका आणि खर्ज हीच त्याची खूण वाटते.