टर्बो इंजिनच्या ऑइल रिटर्न नळीची निवड व निगा

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ, भाताचे तालुके. येथील तांदूळ, भाजीपाला व दूध बाजारात पोचविण्यासाठी पिकअप व जीप यांचा सर्रास वापर होतो. कापूरहोळ किंवा नसरापूरमार्गे महामार्गाला लागणारी वाहतूक असो, अथवा पाबे, वरंधा किंवा मांढरदेवचा घाट असो, भरलेल्या गाडीला चढ चुकत नाही. आजच्या बहुतेक डिझेल पिकअपना टर्बोचार्जर असतो व चढावर त्याच्यावर सर्वाधिक ताण येतो. टर्बो महाग असतो, याची जाणीव सर्वांना असते. मात्र त्याखालच्या हातभर लांबीच्या रबरी नळीकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ही नळी बिघडली तर चांगला टर्बोही निकामी होतो. म्हणून तिची निवड काळजीपूर्वक करावी.

टर्बोचे कार्य व तेलाचा मार्ग

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचे एक चाक फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चाक इंजिनात दाबाने हवा भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल इंजिनच्या पंपातून दाबाने येते. परत जाताना मात्र त्याला पंपाचा दाब नसतो. फेसाळलेले, तापलेले तेल केवळ स्वतःच्या वजनाने रिटर्न नळीतून चेंबरकडे उतरते. म्हणूनच येणारी नळी बारीक व परतीची नळी जाड असते. पाटाच्या पाण्याला उतार नसला की पाणी तुंबते, तसेच येथे तेल तुंबते.

नळी तुंबल्यास किंवा फुटल्यास होणारे नुकसान

१) तुंबलेले तेल टर्बोच्या सीलमधून बाहेर पडते. ते धुराच्या बाजूला गेल्यास निळसर धूर येतो व तेल कमी होऊ लागते.

२) हवेच्या बाजूला गेलेले तेल इंटरकूलरमध्ये साठते. ते जास्त प्रमाणात इंजिनात ओढले गेल्यास इंजिन त्या तेलावरच बेफाम पळू लागते. चावी बंद करूनही ते थांबत नाही. अशा वेळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक पूर्ण दाबावा व क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. हवा घेणाऱ्या तोंडावर हात कधीही ठेवू नये.

३) नळी फुटल्यास तेल तापलेल्या सायलेन्सरवर गळून आग लागू शकते. पेंढा वाहणाऱ्या गाडीला हा धोका अधिक असतो.

टर्बो बदलूनही धूर थांबत नाही, अशा तक्रारीत पुष्कळदा दोष या नळीत असतो. म्हणून टर्बो निकामी ठरविण्यापूर्वी ही नळी काढून आतून तपासावी.

नळी कशाची असावी

सर्व काळ्या नळ्या सारख्या नसतात. रेडिएटरची नळी बहुधा ईपीडीएम रबराची असते. ती गरम पाण्यात उत्तम टिकते, परंतु तेलात फुगून मऊ पडते. ती येथे वापरू नये. नायट्राइल रबर तेलात टिकते, पण सतत १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या पुढे कडक होऊन तडकते. साधे सिलिकॉन उष्णता सोसते, मात्र तेल त्यातून पाझरते. केवळ रंग व चकाकी पाहून सिलिकॉनची नळी घेऊ नये.

यासाठी आतून फ्लुरो रबराचा थर व बाहेरून उष्णतारोधक, धाग्याचे अस्तर असलेली नळी योग्य ठरते. फ्लुरो रबर सुमारे २०० अंशांपर्यंत तेलात टिकते. आतून टेफ्लॉन व बाहेरून स्टीलच्या जाळीची नळीही टिकाऊ असते. मात्र ती ताठ असल्याने जागा अरुंद असेल तेथे मुडपू शकते. कंपनीने लोखंडी पाइप व मध्ये रबराचा लहान तुकडा दिला असेल, तर तीच रचना कायम ठेवावी. घेताना गाडीचे मॉडेल व पार्ट नंबर जुळवून पाहावा.

नळीबद्दल शंका असल्यास तिचा छोटा तुकडा आठवडाभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा. तो फुगला किंवा मऊ पडला तर ती नळी बाद समजावी. मात्र न फुगलेला तुकडा उष्णतेतही टिकेल असे समजू नये; त्यासाठी रबराचा प्रकार विचारूनच घ्यावा.

बसविताना घ्यावयाची काळजी

• आतील व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा.

• नळी सतत खाली उतरती असावी. मध्ये झोळ, मुडप किंवा चढ नसावा. सपाट जागेवर जेमतेम उतार असलेली नळी घाटाच्या चढावर आडवी होऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

• गॅस्केट नवीन घालावे. चिकट पेस्ट लावू नये, कारण तिचे तुकडे तुटून तेलाचा मार्ग बंद करतात.

• क्लिप नळीच्या टोकापासून थोडी आत बसवावी व रबर कापले जाईल इतकी आवळू नये.

• नळी सायलेन्सरला टेकू देऊ नये. अंतर कमी असल्यास उष्णतारोधक आवरण चढवावे.

निगा

प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी थंड इंजिनावर नळी बोटाने दाबून पाहावी. ती कडक, तडकलेली किंवा फुगलेली आढळल्यास लगेच बदलावी. चिखलणीच्या दिवसांत साचलेला चिखल धुऊन काढावा, म्हणजे गळती वेळीच दिसते. भाताच्या कोठाराजवळ गाडी उभी राहत असल्यास उंदरांनी नळी कुरतडली नाही ना, हे पाहावे. इंजिनजवळ अडकलेला पेंढा रोज काढावा.

ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नये व ब्रीदर साफ ठेवावा. तेल जास्त झाले किंवा ब्रीदर तुंबून चेंबरमध्ये हवेचा दाब वाढला, तर चांगल्या नळीतूनही तेल उतरत नाही. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे संथ चालू द्यावे. अन्यथा टर्बोतील तेल जळून त्याची काजळी नळीच्या तोंडाशी साचते.

सुगीत गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये अडकली तर मालाची विक्री लांबते व भाड्याच्या गाडीचा खर्च वाढतो. योग्य नळीची किंमत टर्बोच्या मानाने फारच कमी आहे. तेव्हा पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत ही तपासणी अवश्य करून घ्यावी.