विश्लेषण : ‘समृद्धी’च्या बोगद्यानंतरही कसारा घाटाची वाट कोणासाठी?

मुंबईहून नाशिकला निघालेली गाडी खर्डी, उंबरमाळी ओलांडते आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. ही भिंत चढण्यासाठी गेली अनेक दशके कसारा घाट हाच मोठा रस्ता होता. जून २०२५ पासून तिच्या पोटातून जाणारा बोगदाही खुला झाला आहे. मग घाटाचे काय झाले? आता त्या रस्त्याने कोणी, कधी आणि कशी गाडी न्यावी?

बोगदा नेमका कुठे आहे?

समृद्धी महामार्गाची एकूण लांबी ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. याच टप्प्यात इगतपुरी आणि शहापूर तालुक्यांच्या हद्दीत डोंगर फोडून सुमारे ७.८ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा काढण्यात आला. जाण्यासाठी एक, येण्यासाठी दुसरा. ताशी ८० किलोमीटर वेगाने तो सहा मिनिटांत पार होतो. तिथे वळण नाही, धुके नाही, दरडीची भीती नाही. पण दरीही दिसत नाही.

मग सगळेच बोगद्याने का जात नाहीत?

याचे पहिले कारण नियमाचे आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही. मोटारसायकलवरून नाशिकला जाणाऱ्याला घाटच चढावा लागतो. दुसरे कारण रस्त्याच्या रचनेचे आहे. द्रुतगती मार्गावर ठरावीक इंटरचेंजवरच चढता-उतरता येते. आमणे ते इगतपुरी या पट्ट्यात शहापूर तालुक्यासाठी ती सोय खुटघरजवळ आहे. उंबरमाळी किंवा कसाऱ्याच्या माणसाला इगतपुरीला जाण्यासाठी आधी उलट दिशेने शहापूर गाठणे परवडत नाही. त्याच्यासाठी जुना महामार्ग हाच खरा रस्ता आहे. तिसरे कारण प्रवाशाच्या मनातले. ज्याला पोहोचायचे आहे तो बोगद्याने जातो. ज्याला प्रवास करायचा आहे तो घाटाने.

घाटात पाहण्यासारखे काय आहे?

कोकणातून दख्खनच्या पठारावर चढताना बेसाल्टचे थर एकावर एक रचलेले दिसतात. लतिफवाडीपासून चढ सुरू होतो. जुना आणि नवा कसारा घाट असे दोन रस्ते असल्याने चढणारी आणि उतरणारी वाहतूक बरीचशी वेगळी राहते. वर घाटनदेवीचे मंदिर लागते. जवळच उंट दरी आहे. पावसाळ्यात तिच्या कड्यांवरून पाण्याच्या धारा सुटतात.

शेजारून रेल्वेचा थळ घाट चढतो. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र असल्याने गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळा-मोखाड्याकडे जाणारा रस्ता अरुंद आहे, पण वर्दळ कमी आणि हिरवाई दाट. विहीगावचा धबधबा याच वाटेवर आहे.

मुरबाडकडून काय पर्याय आहे?

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला गेले की कल्याण-अहिल्यानगर रस्ता मिळतो. तो टोकावडे, मोरोशी करत माळशेज घाट चढतो. इथे बोगद्याचा पर्याय नाही. एसटी, ट्रक, भाजीचे टेम्पो आणि सहलीच्या गाड्या एकाच दुपदरी रस्त्यावर असतात. याच वाटेवर वैशाखरेजवळून नाणेघाटाची पायवाट फुटते. सातवाहन काळात कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल जुन्नरकडे याच वाटेने जाई. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, तर घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे सांगितले जाते. म्हणजे सह्याद्री ओलांडण्यासाठी पैसे मोजण्याची रीत दोन हजार वर्षांची आहे.

पावसाळ्यात धोका कितपत?

जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीत उंबरमाळी स्थानकात फलाटापर्यंत पाणी चढले, घाटात दरड कोसळली आणि इगतपुरीकडची रेल्वे वाहतूक थांबवावी लागली. बेसाल्टच्या भेगांत पाणी शिरते, वरची माती भिजून जड होते आणि उतार तुटतो. म्हणून दरडी बहुधा सलग दोन-तीन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर येतात. माळशेज परिसरात प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास मनाई करते. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा. रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर सहल पुढे ढकलावी. कामानिमित्त जाणे भाग असेल आणि गाडी चारचाकी असेल, तर त्या दिवशी बोगदाच बरा.

घाटात गाडी कशी चालवावी?

ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर उतरणे सर्वांत घातक. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. धुक्यात हेडलाइट ‘लो बीम’वर ठेवा, ‘हाय बीम’चा प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यांवरच येतो. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. फोटोसाठी वळणावर किंवा कड्याखाली थांबू नका. मोकळी, सपाट जागा येईपर्यंत धीर धरा. अडचण आल्यास ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे.

पुढे काय?

बोगद्यामुळे लांबच्या वाहनांना घाट टाळता येतो, म्हणून घाटाची निगा कमी झाली तर फटका दुचाकीस्वारांना आणि उंबरमाळी-कसाऱ्यासारख्या गावांना बसेल. दवाखाना, बाजार, कॉलेज यांसाठी इगतपुरी गाठणाऱ्यांना तोच रस्ता आहे. दरडीला जाळ्या, कठडे, पांढरे पट्टे आणि वळणावरचे आरसे ही कामे गाड्यांची संख्या पाहून नव्हे, तर दुसरा रस्ता नसलेली माणसे पाहून व्हायला हवीत.